आईच्या जागी कोण?

जूनच्या मध्यावर राज्यातील शाळा उघडतात. कोठे औक्षण, कोठे गुलाबपुष्प, कोठे बैलगाडीतून मिरवणूक असा प्रवेशोत्सव साजरा होतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत आईचे बोट न सोडणाऱ्या एखाद्या रडवेल्या बालकाचे छायाचित्र हमखास असते आणि ते पाहून आपण कौतुकाने हसतो. ते बालक दुपारी घरी परतणार आहे, हे आपल्याला ठाऊक असते. याच दिवसांत हजारो मुले अशा शाळांच्या दारात उभी असतात, जिथून दुपारी घरी परतायचे नसते. पत्र्याची पेटी, ताट-वाटी, दोन गणवेश आणि अंथरूण-पांघरूण एवढ्या सामानानिशी ती निवासी शाळेत, आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात दाखल होतात. नोंदवहीत नाव चढते, बाप सही किंवा अंगठा करतो आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून घाईने निघतो. या मुलांचे छायाचित्र कोणी काढत नाही.

यांतील काही मुले जेमतेम सहा वर्षांची असतात. त्यांच्या मनात त्या रात्री काय चालते, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. ‘दोन दिवस रडेल, मग रमेल’ या एका वाक्यात आपण तो विषय मिटवून टाकतो. हे वाक्य खरे आहे का, आणि ते खरे धरून चालल्याची किंमत कोण मोजतो, याचा विचार प्रवेशाच्या या हंगामात व्हायला हवा.

नव्या मुलाचा दिवस बरा जातो. प्रार्थना, वर्ग, जेवणाची पंगत, खेळाचे मैदान यांत वेळ सरतो. खरी कसोटी लागते ती कातरवेळी. दिवेलागणीला घरी आई चुलीपुढे बसली असेल, गोठ्यात वासरू हंबरत असेल, धाकटे भावंड आपली जागा बळकावून आईला बिलगले असेल, हे सारे त्याच वेळी आठवते. मात्र ‘मला घरची आठवण येते’ असे सहा-सात वर्षांचे मूल सांगत नाही. ते म्हणते, ‘पोट दुखतंय’. सकाळी त्याला मळमळते. ताटातला भात तसाच राहतो. घरी ज्याने कैक वर्षांत अंथरूण ओले केलेले नसते, त्याचेही अंथरूण रात्री ओले होते. अधीक्षकांना हे ढोंग वाटते, सोबतची मुले चिडवतात आणि पोटदुखी दुप्पट होते. वस्तुतः ते दुखणे खोटे नसते. जे मनाला बोलता येत नाही, ते बालकाचे शरीर बोलत असते.

रडे थांबले म्हणजे मूल रमले?

या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या नव्हे, तर रुग्णालयाच्या अनुभवातून जगाला मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील रुग्णालयांत दाखल झालेल्या लहान मुलांना भेटण्याची मुभा आईवडिलांना फारच थोडी असे. आई भेटून गेली की मूल रडते, न भेटली तर शांत राहते, सबब भेट नकोच, असा तेथील युक्तिवाद होता. जेम्स रॉबर्टसन या अभ्यासकाने त्या ‘शांत’ मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. आठ दिवसांसाठी रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर त्याने काढलेला लघुपट १९५२ साली डॉक्टरांपुढे आला आणि मोठी खळबळ उडाली. रॉबर्टसन आणि त्याचे सहकारी मनोवैद्य जॉन बोल्बी यांनी आईपासून तुटलेल्या बालकाच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिली आक्रोशाची, दुसरी निराशेची आणि तिसरी अलिप्ततेची. या तिसऱ्या अवस्थेतील मूल रडत नाही, जेवते, खेळते, परक्यांशी हसते. पण आई समोर आली तरी तोंड फिरवते. परिचारिका जिला ‘मूल रुळले’ म्हणत, ती ही अवस्था होती. पुढे १९५९ साली प्लॅट समितीने आईवडिलांच्या भेटीवरील निर्बंध उठवण्याची शिफारस केली आणि हळूहळू तेथील रुग्णालयांची दारे आयांसाठी उघडली.

दोन वर्षांचे आजारी मूल आणि सात-आठ वर्षांचे धडधाकट मूल यांत अंतर आहे, हे उघड आहे. आठ वर्षांच्या मुलाला दिवाळीच्या सुटीचा अर्थ कळतो, तो मित्र जोडू शकतो आणि योग्य आधार मिळाला तर खरोखरच रमतो. परंतु तेव्हाच्या रुग्णालयांचा युक्तिवाद आपल्या अनेक निवासी शाळांत आजही जसाच्या तसा ऐकू येतो. ‘पहिला महिनाभर भेटायला येऊ नका, फोन करू नका, मूल बिथरते.’ मूल बिथरते हे खरे. पण आईला पाहून रडणारे मूल हे आईवर अजून विश्वास असलेले मूल होय. काळजी करायची ती जे रडत नाही, काही मागत नाही, कोणाच्या अध्यातमध्यात नसते, त्याची. गंमत अशी, की वसतिगृहात ‘शहाणा मुलगा’ म्हणून नेमके त्याचेच कौतुक होत असते.

हे मूल बोलत का नाही, याचे उत्तर मुंबईत जन्मलेल्या एका इंग्रजाने देऊन ठेवले आहे. रुडयार्ड किपलिंग हा साम्राज्याचा भाट. त्याच्या राजकारणाशी आपले काही देणेघेणे नाही. पण १८७१ साली, वयाची सहा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, आईवडिलांनी त्याला तीन वर्षांच्या बहिणीसह इंग्लंडमध्ये एका परक्या कुटुंबात ठेवले आणि ते हिंदुस्थानात परतले. आपल्याला येथे सोडून जाणार आहेत, हे मुलांना कोणी सांगितलेही नव्हते. त्या घरात पाच वर्षांहून अधिक काळ त्याचा छळ झाला. तू कोणाला सांगितले का नाहीस, असे पुढे विचारले जाई. त्यावर त्याने उतारवयात लिहिले, त्याचा आशय असा, की लहान मुले फारसे सांगतच नाहीत. वाट्याला जे येते ते कायमचेच ठरलेले आहे, असे ती धरून चालतात. बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑरवेलला १९११ साली आठव्या वर्षी निवासी शाळेत धाडण्यात आले. तेथे अंथरूण ओले केल्याबद्दल आपल्याला छडीने मारण्यात आले, असे त्याने लिहून ठेवले आहे. कोवळ्या वयात घरापासून तोडले की मूल कणखर होते, ही समजूत तेथील वरच्या वर्गाची. तीच आपल्याकडील थंड हवेच्या ठिकाणच्या शाळांमार्फत येथे रुजली आणि प्रतिष्ठेचे लक्षण ठरली.

गुरुकुलाचा दाखला

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. आपल्याकडे आठव्या वर्षी मुंज करून बटूला गुरुगृही धाडण्याची परंपरा होतीच. मग घरापासून दूर राहण्यात वावगे ते काय? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच त्याचा विचार नीट केला पाहिजे. ‘गुरुगृह’ या शब्दातील दुसरे पद महत्त्वाचे आहे. बटू जात असे तो एका घरात. त्या घरात चूल होती, गाई होत्या, गुरूंची स्वतःची मुलेबाळे होती आणि गुरुपत्नी होती. विद्यार्थ्याला ‘अंतेवासी’ म्हणत, म्हणजे गुरूच्या निकट राहणारा. निकटता हाच त्या व्यवस्थेचा पाया होता.

श्रीकृष्ण आणि सुदामा यांची भागवतातील कथा घराघरांत ठाऊक आहे. गुरुपत्नीने सरपण आणायला धाडले असता दोघे वनात वादळात सापडले आणि रात्रभर एकमेकांचा हात धरून भटकत राहिले. आपण एवढीच कथा सांगतो आणि तिचा उत्तरार्ध विसरतो. सूर्योदय होताच सांदीपनी स्वतः त्यांना शोधत वनात आले, त्यांच्यासाठी कळवळले आणि त्यांनी दोघांना आशीर्वाद दिला. आजच्या वसतिगृहात मूल रात्री भेदरले, तर त्याला शोधत कोण येते? गुरुकुलाचा दाखला द्यायचा, तर त्या उत्तरार्धासह दिला पाहिजे.

आपल्या पूर्वजांनी वियोगाचे दुःखही नाकारलेले नाही. मुंजीत मातृभोजन असते. बटू आईबरोबर एका ताटात शेवटचे जेवतो आणि त्या वेळी मांडवातील बायकांचे डोळे भरून येतात. पुढे तो भिक्षा मागतो, तीही प्रथम आईपाशीच. निरोपाला एक विधी दिला, सर्वांसमक्ष रडण्याची मुभा दिली आणि आईच्या हातूनच मुलाला पुढच्या वाटेवर धाडले. याउलट, ‘बाजारातून खाऊ घेऊन येतो’ असे सांगून मुलाची नजर चुकवून निघून जाणारा बाप आज जागोजागी दिसतो. त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला स्वतःचे अश्रू लपवायचे असतात. पण ते मूल सायंकाळपर्यंत फाटकाकडे डोळे लावून बसते आणि मोठ्यांचा शब्द खरा नसतो, हा त्या शाळेतील पहिला धडा गिरवते.

महाराष्ट्राने हे करून दाखवले आहे

अर्वाचीन महाराष्ट्राला वसतिगृहांचा मोठा वारसा आहे आणि ती नावारूपाला आली ती इमारतींमुळे नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींनी भेट देऊन त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. त्या १९३० साली गेल्या. त्यागाची ही कथा आपण सांगतो, पण तिच्यातील रोजचा भाग पाहत नाही. परक्या गावांतून आलेल्या, परस्परांच्या हातचे पाणी न पिणाऱ्या घरांतील पोरांना तेथे एक बाई वाढत होती, आणि जेवलास का, असे विचारणारे कोणीतरी होते.

दुसरे उदाहरण साने गुरुजींचे. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, अस्ताव्यस्त सामान नीट लावणे, कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे गुरुजी न बोलता करीत. ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित ते मुलांसाठी रोज लिहून काढत. शिक्षणापायी त्यांनी स्वतः दापोली, औंध, पुणे असा परमुलखाचा अनुभव घेतला होता आणि ते दूर असतानाच १९१७ साली त्यांची आई गेली. पोरके होणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेला माणूस छात्रालयाला लाभला होता. येथे एक गोष्ट लक्षात येते. आईच्या जागी बाईच हवी, असे नव्हे. आईपण घेणारे माणूस हवे.

सर्वांत धाकट्यांची परीक्षा

आता आजच्या व्यवस्थेकडे पाहू. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली. नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावतीपासून झाली. दोन्हींत प्रवेश मिळतो तो सहावीत, म्हणजे वयाच्या दहा वर्षांनंतर. त्याआधीची वर्षे मुलाने घरी काढावीत, एवढा विवेक या व्यवस्थेने दाखवला. आदिवासी मुलांसाठीच्या आश्रमशाळा मात्र पहिलीपासून सुरू होतात. आदिवासी मुलांना शहरांतील नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत घालण्याची राज्य शासनाची योजना आली, तिच्यातही पहिलीपासून प्रवेश ठरले. ज्यांच्यापाशी सर्वांत कमी आहे, त्यांच्या लेकरांनी सर्वांत आधी आईपासून दूर राहायला शिकावे, असा याचा अर्थ होतो.

सातपुड्यातील पाड्यावरचे सहा वर्षांचे पोर घरी भिलोरी किंवा पावरी बोलते, मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीतले गोंडी. ते अशा शाळेत येते जेथे मराठीच परकी, मग इंग्रजीची कथा काय! पाणी हवे, लघवीला जायचे आहे, ताप आल्यासारखे वाटते, हे कोणत्या शब्दांत सांगायचे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. नदी, झाडे, कोंबड्या यांच्यात उघड्यावर वाढलेल्या त्या पोराला ओळीने मांडलेल्या खाटांची बंद खोली मिळते आणि अनेक आश्रमशाळांत तर तेही नाही. दिवसा वर्ग भरतो त्याच फरशीवर रात्री अंथरुणे पडतात. मुले पळून जातात, चालत घरी निघतात, अशा बातम्या अधूनमधून येतात. मूल कोठे पळून गेले, असे आपण विचारतो. वास्तविक ते कोणाकडे निघाले होते, हे विचारले पाहिजे.

या शाळांचे ऋण नाकारता येणार नाही. त्यांतून शिकून शिक्षक, परिचारिका, अधिकारी झालेली एक पिढी आज उभी आहे. अनेक पाड्यांसाठी आश्रमशाळा नसती तर शाळाच नसती. म्हणून प्रश्न निवासी शाळा बंद करण्याचा नाही. पहिली ते चौथीच्या मुलापाशी शाळेने जावे, की मुलाने शाळेपाशी, हा प्रश्न आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर याचे उत्तर कृतीने दिले. मुले अंगणात येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले कुरण सोडू शकत नाहीत, तर कुरणातच शाळा भरवली. शिक्षण हक्क कायद्यातही पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असाच दंडक आहे. या पार्श्वभूमीवर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार राज्यात २०२३ साली पुढे आला, तेव्हा खर्चाचा हिशेब पुष्कळ झाला. गावची शाळा मिटली की दुर्गम भागातील सहा वर्षांच्या मुलापुढे वसतिगृहाखेरीज वाट उरत नाही, हा हिशेब कोणी मांडला? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांनी निदान एक शहाणपण दाखवले. आईबाप कारखान्यावर गेले तरी मूल आपल्याच गावी, आजी-आजोबांच्या जवळ राहावे आणि त्याच्या जेवणाची सोय व्हावी, ही ती कल्पना.

आपल्या हातचे काय?

पाचवीपूर्वी, अन्य मार्ग असताना, मुलाला निवासी शाळेत घालू नये, हे मध्यमवर्गीय कुटुंबांना आग्रहाने सांगावेसे वाटते. दोघांची नोकरी, शिस्तीची हौस किंवा शेजाऱ्याच्या मुलाचे उदाहरण ही त्यासाठी पुरेशी कारणे नव्हेत. जेथे इलाज नाही, तेथे निदान काही पथ्ये पाळावीत. मुलाला महिनाभर आधी सांगावे. शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा नेऊन त्याची खाट, शौचालय, स्वयंपाकघर दाखवावे. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी बरोबर द्यावी. नव्याकोऱ्या चादरीला घरचा वास नसतो. भेटीचा वार ठरवावा आणि पाऊस पडो वा लग्नाची तिथी येवो, तो वार मोडू नये. सुटीनंतर मूल ‘मला जायचं नाही’ म्हणाले, तर त्याला आधी बोलू द्यावे. त्यामागे केवळ घरची ओढ असेलच असे नाही. मारहाण, मोठ्या मुलांचा जाच किंवा त्याहून भयंकरही काही असू शकते. शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस कायद्याने बंदी आहे आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू मुलापेक्षा मोठी नसते.

वसतिगृहे चालवणाऱ्या कार्यकर्त्यांची संख्या आपल्या वाचकांत मोठी आहे. तुटपुंज्या साधनांत ते जे करतात, त्याचे मोल कोणी करू शकणार नाही. त्यांना सुचवण्याजोग्या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. एका गावची मुले आणि भावंडे जवळजवळ झोपवावीत. मुलाची बोली जाणणारे एक तरी माणूस रात्री आवारात असावे. शौचालयाच्या वाटेवर दिवा जळता ठेवावा. ओले अंथरूण सकाळी कोणाच्या नजरेस न पडता बदलले जावे. नव्या मुलाच्या सोबतीला एक दादा किंवा ताई द्यावी, पण त्या दादा-ताईवर मोठ्यांची नजर असावी. एखादे झाड, एखादे वासरू त्याच्या नावे करून द्यावे. ज्याची वाट कोणीतरी पाहते, ते मूल त्या जागेचे होते. आणि हे सारे करूनही आठवडे उलटले, तरी मूल नीट जेवत नसेल, झोपत नसेल, गप्प गप्प राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि प्रसंगी त्याला वर्षभरासाठी घरी पाठवावे. त्यात संस्थेची हार नाही आणि मुलाचीही नाही.

संस्कार, शिस्त, राष्ट्रभक्ती या गोष्टी मुलात रुजाव्यात असे आपल्याला वाटते, आणि ते योग्यच आहे. पण भेदरलेल्या मनात भीतीखेरीज दुसरे काही रुजत नाही. आधी मुलाला हे माणूस माझे आहे असे वाटले पाहिजे, मगच त्या माणसाची शिकवण त्याला आपली वाटते.

निवासी शाळांच्या प्रवेशअर्जात जन्मतारीख, जात, उत्पन्न, लसीकरण असे अनेक रकाने असतात. त्यांत आणखी एक रकाना असावा: ‘रात्री हे मूल रडले, तर त्याच्यापाशी कोण जाईल?’ तेथे पदनाम नको, माणसाचे नाव हवे. ज्या संस्थेला ते नाव लिहिता येत नाही, तिने तो प्रवेश देऊ नये. आणि ते नाव विचारल्यावाचून कोणत्याही आईबापाने आपल्या लेकराचे बोट सोडू नये.